सगळ्यांच्या फाइलचं फॉरमॅटिंग एकसारखं कसं ठेवाल?

चौघांनी मिळून लिहिलेल्या वर्ड फाइलमध्ये एक परिच्छेद कॅलिब्रीत, दुसरा एरियलमध्ये, तिसऱ्याच्या ओळींत दुप्पट अंतर. हे बहुतेक वेळा साध्या पेस्टमुळे होतं. ईमेलमधून मजकूर आणला की त्याचा फॉन्ट आणि रंगही मागोमाग येतात. म्हणून पेस्ट केल्यावर शेजारी उमटणाऱ्या छोट्या चौकोनावर क्लिक करून 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा. ठळक-तिरपं पुन्हा करावं लागतं, पण तेवढा त्रास परवडतो.

आधीच बिघडलेला भाग निवडून कंट्रोल आणि स्पेसबार दाबा, अक्षरांवर हाताने केलेले बदल जातात. कंट्रोल-क्यू दाबलं की परिच्छेदातलं अंतर मूळ स्टाइलवर, म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांच्या नाव दिलेल्या ठरावीक संचावर, येतं.

खरी मेख शीर्षकांत असते. शीर्षक नुसतं मोठं आणि ठळक केलं असेल, तर आपोआप बनणाऱ्या अनुक्रमणिकेत ते येतच नाही. त्याला 'हेडिंग १' ही स्टाइलच द्या. पुढे आकार बदलायचा झाला तर स्टाइलमध्ये एकदा बदलला की पुरे.

ही साफसफाई मजकूर पक्का झाल्यावर एकाच व्यक्तीने करावी, आणि तेव्हा 'ट्रॅक चेंजेस' (प्रत्येक बदलाची नोंद दाखवणारी वर्डची सोय) बंद ठेवावं. नाहीतर समासात फॉन्टच्याच नोंदींची गर्दी होते आणि मजकुरातला महत्त्वाचा बदल नजरेतून निसटतो.