पोलीस पडताळणी आणि बांधाची केस

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. सासूबाईंचं दोन वर्षं केलं होतं. धडकी भरली ती कागदांनी. बेळगावातल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायचं काम मागायला गेले तर पहिलंच वाक्य, "पोलीस पडताळणी आणा, मग बघू."

अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर करायचा असतो. मी गावातल्या 'ग्राम वन' या सरकारी सेवा केंद्रात बसून भरून घेतला. खोली बेळगावात आणि आधार गावचं असेल तर आधी पत्त्याचा निकाल लावा. शहर आणि काकतीकडचा भाग 2014 पासून पोलीस आयुक्तालयाकडे आहे, आमचं खानापूर मात्र जिल्हा पोलिसांकडे. नावाचंही तसंच. शाळेचा दाखला मराठीत, माहेरच्या नावानं. रेशन कार्ड कन्नडमध्ये, सासरच्या. आधारवर तिसरंच स्पेलिंग. यातच माझा महिना गेला. ओरिजिनल कुणाकडे ठेवू नका. एका एजंटाकडून माझा दाखला परत मिळवायला चार खेपा झाल्या.

खरी अडचण वेगळीच होती. चुलत दिरांशी बांधावरून मारामारी झाली, त्या फिर्यादीत घरातल्या सगळ्यांची नावं घातलेली, माझंही. मी त्या दिवशी माहेरी होते! कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. एजंट म्हणाला, "गप्प बस, कुणाला कळतंय?" जाऊबाई म्हणाल्या, "आपणहून कशाला सांगायलीस गं?" मी तरी सांगितलं आणि निकालाची नक्कल जोडली.

एका संध्याकाळी पोलीस दारात. "इदु यार मनी?" म्हणजे हे कुणाचं घर. शेजाऱ्यांकडे चौकशी केली, सही घेतली, गेला. गल्लीत चार दिवस तोच विषय. आश्रमाच्या मॅडमनी निकाल वाचला आणि म्हणाल्या, "हे मागाहून दुसऱ्याकडून कळलं असतं तर उभी केली नसती."

कर्नाटकातला कागद इथल्या नोंदींचा. मी तीन वर्षं गडहिंग्लजला एका आजोबांकडे होते, त्याचं काय? महाराष्ट्र पोलिसांकडे वेगळा अर्ज केला, शिवाय आजोबांच्या मुलाचा नंबर दिला. मॅडमनी माझ्यासमोरच फोन लावला. पाठीला जखमा झाल्या होत्या का, गोळ्या कोण द्यायचं, पेन्शनचे पैसे कुणाच्या हातात असायचे, मी काम सोडलं की काढलं. पोलिसांच्या कागदात यातलं काहीच नसतं, म्हणून मला हा फोनच मोठा वाटतो.

परदेशी जाणाऱ्या मुलींनो, तुमचा दाखला पासपोर्ट ऑफिसातून निघतो. हा तिथे चालत नाही.

आता मी घरोघरी जाते. लहान मुलांच्या संस्थांना पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या 2020 च्या नियमांनी पडताळणी सक्तीची केली आहे, पण म्हाताऱ्यांच्या घरचे बहुतेक जण आधारची झेरॉक्ससुद्धा मागत नाहीत. कागद मीच पुढे करते. पहिल्याच दिवशी आजींच्या हातातल्या बांगड्या सुनेसमोर मोजते, वहीत लिहिते आणि तिची सही घेते.