नेरुळ ते खारघर: एका दिवसात शिल्पं आणि बागा

नवी मुंबईत नेरुळ, बेलापूर, खारघर, अशी ओळ धरा. उलटसुलट फिरलात तर अर्धा दिवस प्रवासातच जातो.

सकाळी नेरुळ स्टेशनवरून रिक्षा करून वंडर्स पार्क गाठा. जगातल्या सात नव्या आश्चर्यांच्या प्रतिकृती इथे आहेत. मोबाइल वरच्या बाजूला कलवून जवळून फोटो काढला की इमारती मागे कललेल्या दिसतात. दहा-पंधरा पावलं मागे या, दुप्पट झूम करा, मोबाइल सरळ धरा. तुलनेसाठी एखादं माणूस चौकटीत हवंच, नाहीतर आकाराचा अंदाज येत नाही. उन्हात धातूची शिल्पं पांढरी पडतात, म्हणून ऊन चढायच्या आत काम उरका. काही बागा दुपारी बंद असतात, वेळ आधी विचारून घ्या.

मग लोकलने बेलापूर, तिथून मेट्रोने खारघरचा उत्सव चौक. चौकातल्या स्तंभांच्या वर्तुळाभोवती चालत एक पूर्ण फेरी मारा, दर बाजूने सावली वेगळी दिसते. पुढे सेंट्रल पार्कसाठी याच नावाच्या मेट्रो स्टेशनवर उतरा. बाग प्रचंड आहे. पाण्याची लिटरभर बाटली आणि टोपी घ्या. पावसाळ्यात फरशीवर शेवाळ धरतं, गुळगुळीत तळव्यांची चप्पल नको.