पोरगं कराटे सोडतो म्हणतंय? आधी हे करून बघा

गोव्यात शाळा सुरू झाली की कराटे-तायक्वांदोच्या क्लासात नवी पोरं भरतात आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाली की त्यातली बरीचशी गायब. सुट्टीत गावचं घर, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट), आरत्या, रात्रीची जागरणं, मग परत आल्यावर पहिल्याच क्लासच्या दिवशी सोफ्यावर आडवं पडून 'हांव आयज वचना' (मी आज जाणार नाही). आपण लगेच ठरवून टाकतो की इंटरेस्ट गेला. खरं तर बऱ्याचदा कुठेतरी बारीकसं काहीतरी अडलेलं असतं, जे पोर आपणहून सांगत नाही, ते शोधून काढलं की अर्धं काम झालं. लेक्चर देऊन काही होत नाही.

आधी काय अडलंय ते काढा

'का नको?' विचारलं की 'असंच' एवढंच मिळणार. त्यापेक्षा स्कूटरवर येता-जाता साधं विचारा, आज जोडी कुणाबरोबर लावली, सरांनी पुढे कुणाला उभं केलं, दमायला कशात झालं. दोन-तीन दिवसांत कळतं की कुणी चिडवतंय, काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) विसरला की सगळे वळून बघतात, किंवा मार लागायची भीती आहे.

लहान पोरांचं एक कारण तर हमखास सुटतं, ते म्हणजे बेल्ट. सहा-सात वर्षांच्या पोराला गाठ नीट जमत नाही, मध्येच सुटते, सगळ्यांसमोर सरांकडे जाऊन बांधून घ्यावी लागते, बाकीचे हसतात. मग घरी शिकवा. पट्ट्याचा मधला भाग बेंबीवर ठेवायचा, दोन्ही टोकं मागे नेऊन क्रॉस करून पुढे आणायची, वरचं टोक दोन्ही थरांच्या खालून घालून वर ओढायचं आणि मग दोन टोकांची एक गाठ. टोकं सारखी लोंबली पाहिजेत. तुम्ही समोर बसून स्वतःच्या कमरेला ओढणी बांधून दाखवा, आरशासारखं उलटं दिसतं म्हणून नंतर शेजारी उभं राहून पण दाखवा.

पावसाची सोय आधीच करा

जुलैमध्ये जाड कॉटनचा गी, म्हणजे कराटेचा ड्रेस, दोन दिवस वाळत नाही, वास मारतो, आणि 'गी ओला आहे' हे कारण आयतंच मिळतं. परवडत असेल तर दुसरा सेट घ्या, नवाच पाहिजे असं नाही, क्लासमधल्या मोठ्या पोरांचे आखूड झालेले गी विचारले की मिळतात. नाहीतर पावसात ट्रॅक पँट चालेल का ते सरांना विचारून ठेवा.

घरी रोज थोडंच, पण रोज

तासभर सराव घेऊ नका, पोर वैतागेल. शोतोकानवाल्यांचा (ही कराटेची एक शैली) हेयान शोदान हा सुरुवातीचा काता घ्या, एकूण 21 हालचाली, पण एका आठवड्याला चार-पाचच. डावीकडे वळून गेदान बराई (खालचा ब्लॉक), पाऊल टाकून पंच, पूर्ण मागे वळून परत गेदान बराई, बस. 9व्या आणि 17व्या हालचालीला किआय, म्हणजे जोरात ओरडणं, असतो, तो मात्र घरात मोकळेपणी ओरडू द्या, शेजाऱ्यांना सांगून ठेवा हवं तर. हेयानचे पाचही काता अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळेच्या मुलांसाठीच बसवले होते, त्यामुळे 'हे मोठ्यांचं आहे, मला जमणार नाही' म्हणालं तर हे सांगा, आवडतं पोरांना.

व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर आधी त्याला विचारा. खिडकीतून फोन धरून उभे राहणारे पालक बघितलेत ना, पोराचं लक्ष सरांकडे कमी आणि खिडकीकडेच जास्त.

बेल्ट लांबतात ते आधीच सांगून ठेवा

सुरुवातीचे रंग पटापट मिळतात, मग गाडी थांबते. शोतोकानमध्ये बहुतेक ठिकाणी तीन, दोन आणि एक क्यू (ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्या) असे तीनही टप्पे ब्राउनच, म्हणजे परीक्षा देऊन पास झालं तरी रंग तोच, आणि इथेच मोठी पोरं कंटाळतात. दहावीचं वर्ष पण नेमकं त्याच सुमाराला. तेव्हा रंगाबद्दल बोलणं कमी करा, गेल्या ग्रेडिंगला (बेल्टच्या परीक्षेला) जी किक कमरेपर्यंत जात होती ती आता कुठे जाते ते भिंतीवर खडूने खूण करून दाखवा. आणि माझं स्पष्ट मत, जिथे दर ग्रेडिंगला फी भरली की हमखास बेल्ट, तो क्लास पोराला चिकाटी शिकवणार नाही.

कुमितेची (जोडीदाराबरोबरच्या लढतीची) भीती

ही भीती खरी असते, 'घाबरट' म्हणू नका. माउथगार्ड, ग्लोव्हज, शिन गार्ड मापाचे घ्या, सैल गार्ड फिरतो आणि लागतं. सरांशी बोलून काही दिवस गोहोन कुमितेवरच ठेवा, त्यात पाच पावलं, हल्ला कुठे येणार ते आधीच सांगितलेलं, अचानक काही नाही.

सोडायचंच म्हणाला तर

क्लासच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता हा विषय काढायचाच नाही, त्या दिवशी फक्त जायचं. रविवारी निवांत बसून बोला आणि पुढचं ग्रेडिंग होईपर्यंत जायचं असं ठरवा. 'एवढे पैसे भरलेत' हे तोंडातून काढू नका. ग्रेडिंगनंतरही नकोच म्हणाला तर ऐका, पकडून खेळणं आवडत असेल तर ज्युदोच्या क्लासला दोन-चार दिवस बसवून बघा, फी नंतर भरा. पण सर मारतात, सगळ्यांसमोर अपमान करतात किंवा गुडघा-पाठ दुखतेय तरी खेळायला लावतात असं कळलं तर ग्रेडिंगची वाट बघू नका, त्याच दिवशी काढा.