केशरी कार्ड आहे, मग धान्य का नाही?

दोन केशरी कार्डांची गोष्ट आधी सांगते. एक दादाचं, वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं. दुसरं माझ्या नणंदेचं, उमरेडकडच्या खेड्यातलं, म्हणजे नागपूर जिल्हा. दोघांचीही शेती कोरडवाहू, दोघांच्या नावावर सात-बारा. मधे फक्त जिल्ह्याची हद्द. तरी दादाच्या घरातल्या पाच जणांचे महिन्याला 850 रुपये वहिनीच्या खात्यात जमा होतात आणि नणंदेला ना धान्य, ना पैसा. तिला वाटायचं, आपल्या दुकानदारानेच काहीतरी खाल्लं. मी आमच्या बचत गटातल्या बायकांचे रेशनचे अर्ज भरून देते, त्यामुळे हा हिशोब तिला समजावण्याचं काम माझ्याकडेच आलं.

दुकानदाराचा त्यात दोष नव्हता. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून जे 14 जिल्हे धरले आहेत, त्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना 2015 पासून स्वस्तात धान्य मिळायचं. जानेवारी 2023 पासून धान्याऐवजी माणशी 150 रुपये सुरू झाले, 2024 मध्ये त्याचे 170 झाले. त्या 14 जिल्ह्यांत मराठवाड्याचे आठही आहेत, अमरावती विभागाचे पाचही आहेत आणि नागपूर विभागातला एकटा वर्धा. नणंदेचं शेत हद्दीच्या अलीकडे, विषय संपला.

म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी कार्डाचा रंग विचारत नाही. आधी विचारते, कार्ड कुठलं? मग, कार्डावर योजना कोणती? पिवळा-केशरी-पांढरा हे रंग 1999 पासूनचे. आज धान्य ठरतं ते 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तुमचं नाव आहे की नाही त्यावरून. केशरी कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ अशी नोंद असली तर माणशी 5 किलो मिळतं, ती नसेल तर तेच कार्ड धान्यापुरतं कोरं. ही नोंद ‘मेरा राशन’ अ‍ॅपवर आधार नंबर टाकून दिसते. अ‍ॅप नको असेल तर दुकानदाराला त्याच्या अंगठ्याच्या (पॉस) मशीनवर दाखवायला सांगा.

अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांची योजना, तिचं गणित वेगळं, कुटुंबाला सरसकट 35 किलो. दोघं म्हातारा-म्हातारी असतील तर ते फार मोलाचं. आठ माणसांच्या घराला मात्र प्राधान्यमध्येच 40 किलो मिळतं. तरी लोक अंत्योदयसाठीच भांडतात.

आता उत्पन्न. महाराष्ट्रात कायदा लागू करताना प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला ग्रामीण भागात 44,000 आणि शहरी भागात 59,000 अशी मर्यादा ठरली. शहरातले 59,000 म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत, धुण्याभांड्याची तीन घरं केली की बाई त्याच्या वर जाते. अर्ज करायच्या दिवशी तहसीलमध्ये चालू आकडा विचारून घ्याच. आणि गाव नगरपंचायतीत गेलं असेल तर कार्ड ग्रामीण धरलंय की शहरी, तेही बघा.

खरी मेख पुढे आहे. शहराची मर्यादा मोठी दिसते, पण दार अरुंद. महाराष्ट्रात ग्रामीण लोकसंख्येच्या 76.32 टक्के लोकांना कायद्यात जागा आहे, शहरी लोकसंख्येच्या फक्त 45.34 टक्के. हे आकडे केंद्राने राज्याराज्याला वेगळे ठरवून दिले, त्यांच्या आत कोणाला बसवायचं ते राज्य ठरवतं. यालाच ऑफिसात ‘इष्टांक’ म्हणतात. तुम्ही पात्र असाल, पण इष्टांक भरला असेल तर यादीत जागा नाही.

नणंदेचं असंच झालं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला 42,000 चा. अर्ज पुरवठा शाखेत दिला (मुंबई-ठाण्याकडे तो शिधावाटप कार्यालयात द्यावा लागतो). टेबलावरच्या माणसाने कागद न घेताच सांगितलं, “इष्टांक नाही, नंतर या.” अशा वेळी घरी परतू नका. अर्ज आवक करून घ्या, म्हणजे ऑफिसच्या वहीत त्याची नोंद करायला लावा, पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घ्या, इष्टांक नसल्याचं लेखी मागा. मयत, लग्न होऊन गेलेल्या आणि दुबार नावांची छाटणी होते तेव्हा जागा सुटतात, आणि तेव्हा ज्याचा अर्ज आत आहे त्याचाच विचार होतो. तरीही टोलवाटोलवी झाली तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, कायद्यातच ती सोय आहे. फोनवर करायची तर 1967.

राज्य बदललं की सगळंच बदलतं. नांदेडच्या धर्माबादहून तेलंगणात पाय ठेवला की ग्रामीण मर्यादा दीड लाख, शहरी दोन लाख, वर शेतीच्या क्षेत्राची वेगळी अट. आंध्रात महिन्याला ग्रामीण 10,000 आणि शहरी 12,000. तमिळनाडूत तांदळाच्या कार्डाला उत्पन्नाची अटच नाही. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांत तर लोकांकडे दोन्ही राज्यांची कार्डं आहेत. तिथला वाद जुना आहे, तुम्ही तसं करायला जाऊ नका, आधार जोडलेलं असल्याने दुबार नाव पकडलं जातं.

कामासाठी सुरतला किंवा हैदराबादला जाणाऱ्यांनी कार्ड बदलायची घाई करू नये. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे प्राधान्य आणि अंत्योदयवाल्यांना देशात कुठेही अंगठा देऊन धान्य घेता येतं. त्या कोट्यातलं थोडं तिकडे, थोडं घरच्यांनी गावात, असंही चालतं. पण पात्रता तुमच्या मूळ राज्याचीच राहते आणि तिथल्या राज्याने पदरचं जे जास्तीचं दिलं असेल ते तुम्हाला मिळत नाही. दादाच्या 170 रुपयांसारखी राज्याची मदतही या व्यवस्थेत येत नाही.

कायमचंच तिकडे राहायचं असेल तर आधी इथलं नाव कमी करून तसा दाखला घ्या, मग तिथे अर्ज. सुनेचं नाव चढवतानाही माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा हाच दाखला लागतो, आणि निम्मे अर्ज त्यावरच अडतात.

नणंदेचं नाव सात महिन्यांनी लागलं. पहिल्या महिन्याची मशीनची पावती तिने मला आणून दाखवली: माणसं चार, धान्य 20 किलो, रक्कम शून्य. तांदूळच जास्त का दिला, म्हणून आता तिची कुरकुर आहे. तांदूळ किती आणि गहू किती, हेही जिल्ह्यानुसार बदलतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.