फाइल मॅनेजर निवडायचा कसा? आधी आपलं काम बघा

श्रावण लागला की परळच्या आमच्या छोट्या डीटीपी ऑफिसात गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिकांची घाई सुरू होते. जाहिराती कुणी पेनड्राइव्हवर आणतं, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवतं आणि दुरुस्त्या हटकून रात्री दहानंतर येतात. अशाच एका रात्री पेनड्राइव्हवरची ‘मुखपृष्ठ’ फाइल मी कॉम्प्युटरवरच्या ‘मुखपृष्ठ’वर कॉपी केली. ‘रिप्लेस’ करायचं का, असं विचारणारी चौकट आली आणि हाताच्या सवयीनं मी हो म्हटलं. पेनड्राइव्हवरची फाइल आदल्या दिवशीची होती. दिवसभराच्या दुरुस्त्या गेल्या, त्या पहाटेपर्यंत बसून पुन्हा केल्या. तेव्हापासून फाइल मॅनेजर, म्हणजे फाइल्स बघायचा, कॉपी करायचा आणि हलवायचा प्रोग्रॅम, विचार करून निवडावा, असं मी भेटेल त्याला सांगतो.

सुरुवात कागद-पेनानं करा. आठवडाभर फाइल्सचं कोणतं काम वारंवार करता, ते टिपून ठेवा. घरी फक्त लाइटबिलं, शाळेचे दाखले आणि लग्नाचे फोटो ठेवायचे असतील, तर विंडोजमधला फाइल एक्सप्लोरर किंवा मॅकमधला फाइंडर पुरे. वेगळं काही घेऊ नका. रोज एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवाहलव असेल, शंभर फोटोंची नावं बदलायची असतील, तरच पुढे वाचा.

पण नवीन काही घेण्याआधी आहे ते नीट लावा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, मुळात लपवून ठेवतं. त्यामुळे ‘पत्रिका’ नावाची पीडीएफ आणि ‘पत्रिका’ नावाची वर्ड फाइल यांतला फरक फक्त चित्रावरून ओळखावा लागतो. विंडोज 11 मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. 2022 च्या ऑक्टोबरपासून याच एक्सप्लोररमध्ये टॅबही आले आहेत. कंट्रोल आणि टी दाबलं की नवा टॅब उघडतो. कित्येकांची गरज एवढ्यावरच भागते.

तरीही भागत नसेल, तर दोन खणांचा फाइल मॅनेजर घ्या. डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरं, आणि मध्ये नुसती ने-आण. ही मांडणी डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या काळातल्या, 1986 च्या नॉर्टन कमांडरची. एफ5 दाबलं की कॉपी आणि एफ6 दाबलं की हलवाहलव, ही पद्धत आजही तशीच आहे. विंडोजवर टोटल कमांडर जुना आणि भरवशाचा, पण तो तीस दिवस वापरून मग विकत घ्यायचा असतो. डबल कमांडर फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टिम), मॅक तिन्हीवर चालतो. आमच्याकडे तोच आहे.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि बऱ्याच जणांनी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. तिथे केडीई या डेस्कटॉपचा डॉल्फिन आणि लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराचा नेमो या दोन्ही फाइल मॅनेजरांत एफ3 दाबलं की खिडकीचे दोन भाग होतात. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावरच्या नॉटिलसमधून मात्र ही सोय 2012 मध्येच काढली गेली. रॅम कमी असेल तर थुनार किंवा पीसीमॅनएफएम घ्या, दोन्ही हलके आहेत.

डाउनलोड करताना त्या-त्या सॉफ्टवेअरची मूळ साइट किंवा लिनक्सचं सॉफ्टवेअर सेंटर, एवढ्याच दोन जागा वापरा.

यानंतर परीक्षा घ्या, आणि ती खऱ्या कामावर नको. एका फोल्डरची प्रत काढा आणि तिच्यावर प्रयोग करा. सारख्याच नावाची फाइल वर टाकून बघा. येणाऱ्या चौकटीत दोन्ही फाइल्सची तारीख आणि आकार समोरासमोर दिसतात का? फक्त जुनी असेल तीच बदला, असं सांगता येतं का? डबल कमांडरमध्ये येतं. एक्सप्लोररमध्येही दोन्ही फाइल्सची माहिती ताडून बघायचा पर्याय असतो, आपणच तो दाबत नाही. मी त्या रात्री दाबला असता, तर वेळेवर घरी गेलो असतो.

दुसरी परीक्षा मराठी नावांची. लिनक्समध्ये फाइलच्या नावाला 255 बाइटांची (बाइट म्हणजे कॉम्प्युटरमधली जागा मोजायचं माप) मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, पाय मोडायचा हलंत, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘लग्नपत्रिका’ हा शब्द डोळ्यांना छोटा दिसतो, पण त्यात अकरा चिन्हं, म्हणजे 33 बाइट. 85 चिन्हांच्या पुढे नाव जात नाही, म्हणून मंडळाचं पूर्ण नाव, वर्ष आणि विषय असं सगळं फाइलच्या नावात कोंबू नका. एक लांब मराठी नाव दिलेली फाइल झिप करून पुन्हा उघडा. जुन्या झिप प्रोग्रॅममध्ये अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, ते आधीच कळलेलं बरं.

तिसरी, एकगठ्ठा नावं बदलण्याची. डबल कमांडरमध्ये फाइल्स निवडून कंट्रोल आणि एम दाबा, ‘जाहिरात 001’ पासून क्रम द्या. बदल करण्याआधी जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी दिसतं, ते वाचून मगच पुढे जा.

शेवटी पेनड्राइव्ह. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल साधारणपणे रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ नाहीशी होते. लिनक्समध्ये उलट: ती पेनड्राइव्हवरच एका लपलेल्या कचरापेटीत पडून राहते आणि जागा अडवते. कॉपी पूर्ण झाली असं लिनक्सवर दिसलं, तरी डेटा मागून लिहिला जात असू शकतो. गिऱ्हाईक दारात उभं राहून ‘गाडी चुकेल’ म्हणत असलं, तरी आधी ‘इजेक्ट’ दाबा आणि काढायला हरकत नाही असा संदेश आल्यावरच पेनड्राइव्ह त्यांच्या हातात द्या.