नागपूर परिसरात सफेद मुसळीची लागवड आणि काढणी

सफेद मुसळी ही मूळची जंगलातली वनस्पती असून पावसाबरोबर उगवते आणि पावसाळा सरताच तिची पाने वाळून जातात. औषधी मुळ्यांसाठी बेसुमार उपटली गेल्यामुळे रानात ती विरळ झाली आहे, म्हणून बेणे जंगलातून न आणता लागवड करणाऱ्या शेतकऱ्याकडूनच घ्यावे.

आपल्या भागात हे पीक साधते किंवा बुडते ते निचऱ्यावर. नागपूरच्या भारी काळ्या जमिनीत जुलै-ऑगस्टच्या झडीत पाणी साचते आणि मांसल मुळ्या आतल्या आत कुजतात, त्यामुळे डोंगरपायथ्याची हलकी, मुरूममिश्रित जमीन निवडावी. तशी नसेल तर भरपूर कुजलेले शेणखत व वाळू मिसळून फूटभर उंचीचे गादीवाफे करावेत आणि दोन वाफ्यांमधल्या चरांचे पाणी शेताबाहेर काढून द्यावे. या कामात केलेली काटकसर पुढे कोणत्याही औषधाने भरून निघत नाही.

बियांची उगवण कमी असल्याने लागवड मुळ्यांनीच करतात. मुळ्यांचा झुपका सोडवताना प्रत्येक मुळीला वरच्या चकतीचा, म्हणजे सगळ्या मुळ्या जिथे जुळलेल्या असतात त्या भागाचा, डोळ्यासह (कोंबासह) तुकडा राहिलाच पाहिजे, कारण डोळा नसलेली मुळी कितीही जाड असली तरी फुटत नाही. मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर ३० × १५ सेंटिमीटर अंतरावर, डोळा वर ठेवून आणि मातीने जेमतेम झाकून लावावी. खुरपणी हातानेच आणि वरवर करावी.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाने पिवळी पडून गळतात, तेव्हा शेत मोकळे करून हरभरा पेरण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने आवरावा. मुळ्या जमिनीतच पक्व होऊन त्यांची साल गडद तपकिरी व्हायला आणखी काही आठवडे लागतात, आणि घाईने काढलेला कोवळा माल वाळल्यावर फार घटतो. नोव्हेंबरनंतर हलके पाणी देऊन, वाफसा आल्यावर, म्हणजे माती फार ओली किंवा कोरडी नसताना, कुदळीने बाजूने माती सैल करावी व झुपका अखंड उचलावा. मुळ्या धुऊन, ताज्या असतानाच चाकूने साल काढावी आणि स्वच्छ कापडावर उन्हात कडकडीत वाळवाव्यात. ओल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका सुका माल हाती येतो.

पुढच्या हंगामाचे बेणे न सोलता, चकतीसह, थंड खोलीत कोरड्या वाळूच्या थरांत ठेवावे. नागपूरचा मे महिना लक्षात घेता पत्र्याची खोली यासाठी वापरू नये.