जुन्या शिडाच्या बोटीच्या पोर्टलाइटमधली गळती: माझा अनुभव

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात मी वापरतो ती फायबरग्लासची ३० फुटी शिडाची बोट १९७८ साली बांधलेली आहे. प्रत्येक मोठ्या पावसानंतर केबिनच्या खिडक्यांखाली, म्हणजे पोर्टलाइटखाली, तपकिरी ओघळ दिसत असत. दोन वर्षे मी फ्रेमच्या कडेने बाहेरून सिलिकॉन भरत राहिलो आणि ती माझी चूक होती, कारण पाणी फ्रेमच्या मागून शिरत होते, शिवाय सिलिकॉनचा जो अदृश्य थर उरतो त्यावर पुढे दुसरे काहीच नीट चिकटत नाही.

अखेर फ्रेम उतरवली, तेव्हा फायबरग्लासच्या दोन थरांमधले बाल्सा लाकूड भिजून भुसभुशीत झालेले दिसले. मला या ओघळांपेक्षा त्या लाकडाची चिंता अधिक वाटली, कारण ते कुजले की भिंतीची ताकदच जाते. कुजका भाग खरवडून काढला, कोरड्या लाकडापर्यंत पोहोचल्यावर आणखी अर्धा इंच खोल गेलो आणि सगळे पूर्ण वाळू दिले. मग आधी पातळ इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की घट्ट होणारे राळेसारखे रसायन) लाकडात मुरवले आणि उरलेली पोकळी सिलिकाची बारीक पूड मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरली, त्यामुळे पुढे कधी सील निकामी झाले तरी पाणी लाकडापर्यंत जाणार नाही.

फ्रेम बसवताना बुटाइल टेप, म्हणजे फटी बंद करणारी मऊ, चिकट रबरी पट्टी, वापरली. ती सावकाश पसरते, म्हणून स्क्रू एकदम न आवळता काही दिवस थोडे थोडे आवळले आणि शेवटी खालून वर नळीने पाणी मारून तपासले.